काटा पेट्रोल मोजत नाही

जुन्या फियाटचा पेट्रोलचा काटा बंद पडला की खर्चाचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी डॅशबोर्डमधलं गेज बदलतात, कारण डोळ्यांसमोर तेच असतं. काटा जागचा हलत नाही. मग टाकीतलं युनिट बदलतात. तरीही हलत नाही. शेवटी कुणीतरी टाकीवरच्या एका स्क्रूखालचा गंज खरवडतो आणि काटा उठतो. दोन भाग विनाकारण गेले, पण खरा तोटा त्यांच्या किमतीचा नसतो. कारखान्यातून गाडीबरोबर आलेलं, नीट चालणारं गेज भंगारात गेलेलं असतं आणि तसं दुसरं आता मिळत नाही.

हे टाळता येतं. त्यासाठी लागतो एक मल्टिमीटर, हातभर वायर आणि प्रश्न योग्य क्रमाने विचारण्याची सवय. चितेगावात तर हे सहज जमावं. छत्रपती संभाजीनगरहून पैठण रस्त्याला लागलं की हे गाव येतं. व्हिडिओकॉनचा टीव्हीचा कारखाना इथलाच, त्यामुळे या पट्ट्यात मल्टिमीटर आणि सोल्डरिंग ही अनोळखी हत्यारं नाहीत. पलीकडे वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा अशा औद्योगिक वसाहती आहेत. हाताला यंत्राची सवय असलेली माणसं इथे गल्लोगल्ली सापडतात. अशा गावात एखाद्या पडवीत जुनी फियाट, म्हणजे पद्मिनी, उभी असेल, तर तिचा काटा बंद राहण्याचं काहीच कारण नाही.

पद्मिनी हे उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण ही गाडी महाराष्ट्राची आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. इटलीच्या फियाटच्या परवान्यावर तिथे फियाट ११०० बनू लागली. १९६४ पासून तिचं ‘डिलाइट’ हे रूप आलं, पुढे ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ च्या सुमारास ‘पद्मिनी’. १०८९ सीसीचं साधं इंजिन, कार्ब्युरेटर, आणि कुणालाही समजेल असं वायरिंग. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा दशकानुदशकं हाच होता. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. खासगी पद्मिनी मात्र अजून गावोगावी जपलेल्या दिसतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पहिल्या पद्मिनी आता त्या वयाला पोचल्या आहेत. मूळ गेज राखण्याला म्हणूनही महत्त्व आहे.

आता काट्याकडे. तो पेट्रोल मोजत नाही. तो मोजतो तारेतून वाहणारी वीज. टाकीत एक तरंगता गोळा किंवा डबा असतो, त्याला आपण फ्लोट म्हणतो. फ्लोट एका दांडीला जोडलेला असतो. पेट्रोल वरखाली झालं की दांडी फिरते आणि तिच्या टोकाची पत्ती एका बारीक, गुंडाळलेल्या तारेवरून सरकते. पत्ती कुठे टेकली आहे त्यावर त्या तारेचा किती भाग विजेच्या वाटेत येतो हे ठरतं, म्हणजे विरोध कमी-जास्त होतो. बॅटरीकडून निघालेली वीज इग्निशन स्विचमधून गेजमध्ये येते, गेजमधून एका तारेने टाकीपर्यंत जाते, युनिटच्या विरोधातून पार होते आणि टाकीच्या पत्र्यातून बॉडीत, बॉडीतून पुन्हा बॅटरीत परतते. या वाटेवर कुठेही अडथळा आला तर काटा खोटं बोलतो. मात्र तो कसा खोटं बोलतो, यावरून अडथळा कुठे आहे ते ओळखता येतं.

फियाट, जीप आणि नंतरच्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत टाकी भरलेली असताना विरोध कमी असतो आणि रिकामी होत जाईल तसा वाढतो. म्हणून तार तुटली, की वीज थांबते आणि काटा शून्यावर पडून राहतो. तीच तार सोलून बॉडीला चिकटली तर विरोध उरतच नाही आणि काटा ‘फुल’वर जाऊन बसतो, टाकी कितीही रिकामी असो. जनरल मोटर्सच्या गाड्यांत आणि काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत हे नेमकं उलट असतं. तिथे विरोध कमी म्हणजे टाकी रिकामी. आपली गाडी कोणत्या घराण्यातली आहे हे आधी माहीत असलं पाहिजे, नाहीतर पुढच्या सगळ्या चाचण्यांचा अर्थ उलटा लागतो.

गेजचा स्वभाव ओळखायचा एक सोपा उपाय आहे. किल्ली फिरवा आणि काट्याकडे बघत राहा. काटा सावकाश, काही सेकंद घेत वर चढला तर ते उष्णतेवर चालणारं गेज आहे. त्याच्या आत दोन धातूंची एकत्र चिकटवलेली पट्टी असते, तिच्याभोवती बारीक तार गुंडाळलेली असते. विजेने तार तापते, दोन धातू वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, पट्टी वाकते आणि काट्याला ढकलते. तापायला वेळ लागतो म्हणून असा काटा खड्ड्यांत नाचत नाही. टाकीत पेट्रोल हिंदकळलं तरी तो शांत राहतो. उलट किल्ली फिरवताच काटा टुणकन उडाला तर आत दोन कॉइलचं चुंबकी गेज आहे. ते झटपट बोलतं आणि वळणावर, ब्रेकवर डोलतं. डोलणं हा त्याचा दोष नव्हे.

उष्णतेच्या गेजची एक अडचण असते. गाडीतला व्होल्टेज स्थिर नसतो. इंजिन बंद असताना बारा-साडेबारा, चालू असताना चौदाच्या आसपास. तापणारी तार या फरकाने फसते. म्हणून अनेक गाड्यांत गेजच्या आधी एक व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. ब्रिटिश स्मिथ्सच्या पद्धतीत तो १९६० च्या दशकापासून दिसतो आणि सरासरी १० व्होल्ट देतो. काही जीपमध्ये हाच नियंत्रक पेट्रोलच्या गेजच्या पोटात बसवलेला असतो आणि तिथूनच तापमानाच्या गेजला वीज जाते. त्यामुळे पहिला प्रश्न हा असावा: फक्त पेट्रोलचा काटा चुकतोय, की तापमानाचाही? दोन्ही एकदम जास्त दाखवू लागले, दोन्ही एकदम मेले, तर टाकीकडे जायचंच नाही. दोघांना वीज पुरवणारी जागा तपासायची. जुन्या यांत्रिक स्टॅबिलायझरमधून येणारी वीज सलग नसते, ती चालू-बंद होत राहते. डिजिटल मल्टिमीटरवर आकडे सैरभैर उड्या मारताना दिसले तर घाबरू नका. तिथे साधा टेस्ट लॅम्प जास्त उपयोगी पडतो, तो नियमित लुकलुकला की स्टॅबिलायझर जिवंत आहे. शिवाय त्याच्या डबीला स्वतःचं अर्थिंग लागतं. ते सुटलं की तो पूर्ण व्होल्टेज सोडू लागतो आणि सगळे काटे वर चढतात.

एकटा पेट्रोलचाच काटा बिघडला असेल तर टाकीच्या तारेपाशी जायचं. पद्मिनीत डिकीतून, जीपमध्ये ड्रायव्हरची सीट उचलून. इथे सावधगिरीचं सांगतो आणि ते जोर देऊन सांगतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात टाकीचं झाकण उघडलं की वाफ अक्षरशः उसळते. काम सकाळी, उघड्यावर, सावलीत करा. विडी-काडी लांब. टाकी उघडलेली असताना बॅटरीची केबल सुटलेलीच हवी. आणि पुढच्या चाचणीत तार बॉडीला टेकवून ठिणगी काढायची नाही. आधी किल्ली बंद, मग जोडणी, मग किल्ली चालू.

चाचणी अशी. युनिटवरची तार काढा, ती एका वेगळ्या वायरने बॉडीच्या स्वच्छ पत्र्याला जोडा, मग किल्ली फिरवा. फियाटच्या घराण्यात काटा ‘फुल’कडे चढू लागला पाहिजे. चढू लागला की किल्ली लगेच बंद करा, कारण उष्णतेच्या गेजमधून इतकी वीज फार वेळ जाऊ देणं बरं नाही. काटा चढला याचा अर्थ गेज ठीक आहे, तार ठीक आहे, दोष टाकीच्या बाजूला. डॅशबोर्ड उघडण्याची गरज संपली. काटा मेलेलाच राहिला तर हीच चाचणी गेजच्या पाठीमागच्या टर्मिनलवर करा. तिथे चढला तर मधली तार तुटलेली आहे. तिथेही नाही चढला तर गेजला वीज पोचते का ते टेस्ट लॅम्पने बघा. पोचत नसेल तर फ्यूज किंवा स्विच. पोचत असूनही काटा निश्चल असेल, तरच गेज दोषी. एवढ्या तपासणीत अर्ध्या शंका मिटतात आणि एकही भाग विकत घ्यावा लागत नाही.

टाकीच्या बाजूला दोष निघाला की माझा पहिला संशय अर्थिंगवर असतो, आणि तो बहुधा खरा ठरतो. टाकीवर रंग असतो. टाकी आणि बॉडीच्या मध्ये फेल्ट किंवा रबराच्या पट्ट्या असतात. युनिटखाली गॅस्केट असतं. म्हणजे परतीची वीज जाते ती दोन-चार स्क्रूंच्या आट्यांमधून. गाडी हौसेने रंगवून आणली आणि त्यानंतर काटा कमी दाखवू लागला, ही तक्रार म्हणूनच इतकी ऐकू येते. रंगाऱ्याने काम उत्तम केलेलं असतं, टाकीलाही जाड थर दिलेला असतो, आणि त्या थराने विजेची वाट अडवलेली असते. उपाय सोपा: युनिटच्या एका स्क्रूखाली वेगळी वायर घ्या, तिचं दुसरं टोक बॉडीच्या खरवडलेल्या पत्र्याला बांधा. तात्पुरती वायर जोडून काटा सुधारला, तर तीच नीट कायमची करा. मल्टिमीटरने बघायचं असेल तर किल्ली बंद ठेवून युनिटचा धातू आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यातला विरोध मोजा. तो एक ओहमच्याही बराच खाली हवा.

याच दोषाची आणखी एक खूण आहे. ब्रेक दाबला किंवा इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा हलतो. ब्रेकच्या दिव्याचा पेट्रोलशी काही संबंध नाही, पण मागचे दिवे आणि टाकी परतीची एकच खराब वाट वापरत असतात. रात्री दिवे लावल्यावर काटा खाली बसला तरी हाच अर्थ.

अर्थिंग स्वच्छ असूनही काटा सुधारला नाही तर युनिट बाहेर काढावं लागतं. त्याआधी तारा कुठे लागल्या आहेत ते कागदावर लिहून ठेवा. फियाटच्या बऱ्याच मॉडेलांत युनिटवर दोन टर्मिनल असतात, एक काट्याचं आणि एक रिझर्व्हच्या दिव्याचं. रिझर्व्हचा संपर्क पेट्रोल तळाला गेल्यावरच जुळतो. या दोन तारांची अदलाबदल झाली तर विचित्र प्रकार दिसतो. टाकी भरलेली असताना काटा शून्यावर आणि पेट्रोल संपत आलं की काटा एकदम ‘फुल’वर! शिवाय रिझर्व्हचा दिवा टाकी भरलेली असताना जास्त उजळ. हे बघून माणसं गेज उलटं बसवलंय असं ठरवतात. दोष फक्त अदलाबदलीचा असतो.

युनिट हातात आल्यावर मल्टिमीटरचं एक टोक टर्मिनलला, दुसरं युनिटच्या धातूला लावा आणि दांडी हलके-हलके तळापासून वरपर्यंत फिरवा. आकडा सलग बदलत गेला पाहिजे. मध्येच एका जागी तो अनंतावर गेला आणि पुढे परत आला, तर तिथली बारीक तार झिजलेली किंवा मळलेली आहे आणि पत्ती तिला नीट टेकत नाही. गाडी चालवताना ‘अर्ध्या टाकीला काटा पडतो, मग आपोआप उठतो’ असं जे जाणवतं ते यामुळे. पत्तीखाली जुन्या पेट्रोलचा चिकट, तपकिरी राप बसला असेल तर तो कॉन्टॅक्ट क्लीनरने निघतो. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे हमखास सापडतं. तारेचं वेटोळंच तुटलं असेल तर मात्र युनिट बदलावं.

पितळी फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर फ्लोटला बारीक छिद्र आहे, तो बुडालेला आहे आणि म्हणून काटा कायम रिकामी टाकी दाखवत होता. अशा फ्लोटला डाग देण्याचा मोह अनेकांना होतो. आत पेट्रोल किंवा त्याची वाफ असताना त्यावर तापलेली कोणतीही वस्तू लावू नये. नवा फ्लोट घेणं हेच शहाणपण. फ्लोट शाबूत असून काटा नेहमी ठराविक अंतराने कमी दाखवत असेल, तर दांडी कुठेतरी वाकली असेल. ती किंचित सरळ करून पुन्हा आकडे घ्यावेत.

नवं युनिट घेताना भोकांचा आकार जुळला एवढ्यावर समाधान मानू नका. मुंबईच्या चोर बाजारात किंवा स्पेअर पार्टच्या दुकानात हाताशी असलेलं युनिट दिलं जातं आणि ते टाकीत छान बसतंही. पण ओहमचं काय? जीपच्या अमेरिकी घराण्यात रिकाम्या टाकीला सुमारे ७३ ओहम आणि भरलेल्या टाकीला सुमारे १०. स्मिथ्सच्या उष्णतेच्या गेजना रिकाम्याला २४० च्या आसपास आणि भरलेल्याला ३० च्या आसपास लागतात. जर्मन व्हीडीओच्या युनिटांत १० म्हणजे रिकामी आणि १८० म्हणजे भरलेली. एकाचं युनिट दुसऱ्याच्या गेजला लावलं तर काटा उलटा चालेल किंवा ‘फुल’पर्यंत जाणारच नाही. म्हणून जुनं युनिट फेकण्यापूर्वी त्याचे दोन्ही टोकांचे आकडे मोजून लिहून ठेवावेत, आणि दुकानात मल्टिमीटर घेऊन जावं. दुकानदाराला त्यात वावगं वाटू नये.

सगळं दुरुस्त झाल्यावरही एक तक्रार उरते: काटा आधी हळू उतरतो आणि नंतर धडाधड. यात बिघाड काहीच नाही, हे टाकीच्या आकारामुळे होतं. चितेगावकरांना हे समजायला पैठणच्या जायकवाडीकडे बघितलं तरी पुरे. या धरणाच्या नाथसागर जलाशयाचा एकूण साठा सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर, पण पाण्याचा पसारा सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर. धरण भरलेलं असताना पातळी एक मीटर उतरली तर जेवढं पाणी जातं, तेवढं तळाशी एक मीटर उतरल्याने जात नाही. म्हणून बातमीत पातळी आणि टक्केवारी वेगळी सांगतात. शिवाय ७३८ दशलक्ष घनमीटर मृतसाठा असतो, तो टक्केवारीत धरतच नाहीत. गाडीच्या टाकीतही फ्लोट फक्त पातळी सांगतो, लिटर सांगत नाही. टाकी वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर काटा अर्ध्यावर आला तेव्हा अर्ध्याहून कमी पेट्रोल उरलेलं असतं. आणि पेट्रोल उचलणारी नळी तळापासून थोडी वर असल्याने टाकीतही एक मृतसाठा राहतो. जुन्या गाडीत त्याला हात न लावलेला बरा, कारण गंजाचे कण आणि पाणी तिथेच साचतं, आणि ते एकदा वर ओढलं गेलं की कार्ब्युरेटरचे जेट तुंबतात. चुकीच्या काट्यामुळे रस्त्यात अडकणं हा त्रास आहेच, पण टाकीचा तळ कार्ब्युरेटरमध्ये जाणं हा त्याहून महाग पडणारा त्रास आहे.

आपल्याकडची एक अख्खी पिढी काट्याशिवायच वावरली, हेही खरं. बजाजची स्कूटर वापरणाऱ्यांना रिझर्व्हचा नॉब माहीत आहे. पेट्रोल संपत आलं की गाडी गचके खायची, हात खाली जायचा, नॉब फिरायचा आणि पुढच्या पंपापर्यंत पोचता यायचं. जर्मनीत फोक्सवॅगनच्या बीटललाही १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पेट्रोलचं गेज नव्हतं, तिथेही रिझर्व्हची चावीच होती. ती पद्धत विश्वासार्ह होती, कारण तिच्यात वीजच नव्हती.

अलीकडे जुन्या गाड्यांच्या टाकीत एक नवी गोष्ट आली आहे, ती म्हणजे इथेनॉल. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना त्याचं महत्त्व सांगायला नको. पण पद्मिनी किंवा जीप बनली तेव्हा हे इंधन कुणाच्या कल्पनेतही नव्हतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, टाकी गंजते, जुनी रबरी गॅस्केटं फुगतात. फार जुन्या युनिटांतले बुचाचे फ्लोट लाखेचा थर देऊन बंद केलेले असत, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. असा फ्लोट हळूहळू पेट्रोल पितो, जड होतो आणि काटा दर महिन्याला थोडा थोडा खोटा पडत जातो. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकीत अर्धवट पेट्रोल ठेवून हवेला जागा देऊ नये, आणि युनिट उघडलंच आहे तर गॅस्केट इथेनॉल सोसणारंच घालावं.

शेवटचं काम पंपावर करायचं. टाकी रिझर्व्हजवळ आली की थेट पंपावर जा आणि पाच-पाच लिटर भरत दर वेळी काटा कुठे थांबला ते वहीत टिपा. उष्णतेच्या गेजला स्थिरावायला मिनिटभर द्या, गाडी सपाट जागेवर उभी ठेवा, आणि भरताना इंजिन व किल्ली बंद; भरणं थांबल्यावर फक्त काटा वाचण्यापुरती किल्ली चालू. पंपाच्या मापाबद्दल शंका असेल तर तिथे पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, ते मागून तपासून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. ‘पाव’ म्हणजे खरोखर किती लिटर आणि दिवा लागल्यावर किती किलोमीटर, हे दोन आकडे त्या टिपणातून मिळतात. ते सन व्हायझरच्या मागे चिकटवून ठेवा, म्हणजे गाडी घेऊन जाणाऱ्या घरातल्या दुसऱ्या माणसालाही ते दिसतील.